व्याह्यांची विमानं

नम्रताचं लग्न ठरलं तेव्हा सगळं काही जुळलं. फक्त दोन व्याह्यांना एकमेकांशी बोलायला विषय सापडेना. मुलीचा बाप दत्ताराम हा रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या खाडीत होडी घेऊन मासे मारणारा माणूस. मुलाचे वडील विनीतराव हे देवरुखच्या एका कॉलेजातून निवृत्त झालेले ग्रंथपाल, घरची काजूची बाग. दत्तारामाचा पुस्तकांशी संबंध शाळेतच संपला होता, आणि विनीतरावांचा माशांशी संबंध ताटात सुरू होऊन ताटातच संपत होता. साखरपुड्यात दोघांना मानाने शेजारी बसवलं. "यंदा उकाडा आहे" या एका वाक्यावर दोघांनी अख्खी दुपार काढली. लग्नात तेच वाक्य पुन्हा वापरलं. फक्त मध्ये 'फार' घातलं.

जावई भावेश मुंबईत नोकरीला, आणि नोकरी करणाऱ्या माणसाच्या मानाने बराच हुशार. पहिल्या दिवाळीला त्याने दोन सारखेच गेमिंग कन्सोल आणले. एक सासऱ्यांच्या टीव्हीला जोडला, एक वडिलांच्या. दोघांच्या कानांवर माइकवाले हेडफोन चढवले आणि म्हणाला, "आता बोलायला नको. शर्यत लावा."

लावली. गाड्यांची शर्यत. हा रत्नागिरीत, ते देवरुखात, मध्ये सगळा डोंगर. पण व्याही म्हटला की मान आला. अरेतुरे शक्यच नव्हतं, शिवी तर लांबची गोष्ट. तेव्हा लग्नपत्रिकेत वाचलेली भाषा वापरून दोघे एकमेकांच्या गाड्या फोडू लागले.

"व्याहीबुवा, आपण जरा डावीकडे सरकता का? आपल्याला धडक द्यायचे योजिले आहे."

"अवश्य. तत्पूर्वी आपण सहकुटुंब दरीत जाऊन यावे."

"आपल्या कृपेने गेलो. आता मागून येऊन आपली डिकी फोडतो."

दत्तारामाची बायको गुणवंती स्वयंपाकघरातून हे ऐकायची आणि शेजारणीला सांगायची, "लोकांचे व्याही सणासुदीला भेटतात. आमचे रोज अपघातात भेटतात."

तीन वर्षं अशी सुखात गेली. बहुतेक वेळा दत्ताराम जिंकायचा, आणि विनीतराव आपल्या पराभवाची कारणं मुद्देसूद सांगायचे. मग यंदा तीन गोष्टी एकदम झाल्या. पावसाळ्याची मासेमारी-बंदी लागली, होड्या वर ओढल्या गेल्या, त्याच सुमारास माहेरी आलेली नम्रता बाळंत झाली, मुलगी झाली. आणि विनीतरावांनी कन्सोल सोडून पीसी घेतला.

भांडण लागलं ते मुलीच्या नावावरून.

दत्ताराम म्हणाला, "हौसा ठेवूया."

हौसा म्हणजे त्याची आई. गेल्या शिमग्यानंतर गेली. मासळी बाजारात तिने एकदा "नाय" म्हटलं की गिऱ्हाईक दुसऱ्या भावाचा विचारसुद्धा मनात आणत नसे. दत्तारामाच्या हातात पहिल्यांदा सुकाणू दिलं तेही तिनेच. ती गेल्यावर काही महिन्यांनी त्याच्या लक्षात आलं, की घरात 'हौसा' हा शब्द आता कोणी उच्चारतच नाही. शेजारच्या म्हाताऱ्या यायच्या आणि दारातून "हौसा, हाय काय गो?" म्हणायच्या, त्याही आता थेट ओटीवर येऊन बसतात. एक चांगलं चालू असलेलं नाव घरातून बंद पडलं होतं. ते त्याला पुन्हा चालू करायचं होतं, एवढंच. पण एवढं कोणाला सांगणं त्याला जमलं नाही. म्हणून तो फक्त "हौसा ठेवूया" म्हणाला आणि छताकडे बघत बसला.

विनीतरावांचं म्हणणं 'सानवी'. अर्थ लक्ष्मी, उच्चार सोपा, आणि परदेशातही चालतं.

"परदेशात कोण जातंय?" दत्तारामाने फोनवर विचारलं. "आणि व्याहीबुवा, देवरुखच्या मैदानावर उभं राहून 'सानवी' अशी हाक मारून बघा. निम्म्या पोरी 'ओ' देतील, अख्खा खेळ थांबेल."

"आणि 'हौसा' अशी हाक मारली तर?"

"तर बाजार थांबेल."

हा विषय रोज सकाळी देवरुखहून आणि रोज संध्याकाळी रत्नागिरीहून निघायचा. बाळंतिणीला झोप मिळेना. शेवटी नम्रताने बापाला समोर बसवलं आणि सासऱ्यांना व्हिडिओ कॉल लावला. मांडीवर मूल, डोक्याला रुमाल, डोळ्यांत संताप.

"बाबा, अण्णा, दोघंही ऐका. तुम्हाला शर्यत कळते ना? शर्यत लावा. जिंकेल त्याचं नाव. मी आणि भावेश आधीच हरलोय."

पाळण्यात बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. आत्या म्हणजे भावेशची बहीण रुपाली, खेड डेपोत एसटीची कंडक्टर. तिला विचारलं तर ती म्हणाली, "मला काय, नाव सांगा, मी तिकीट फाडते."

विनीतरावांनी लगेच अट घातली. शर्यत पीसीवर. कन्सोल ही मनुष्याची बाल्यावस्था आहे, त्यांनी ती नुकतीच ओलांडली होती. गाड्या नकोत, विमानं हवीत: डोंगरांमधून उडायचं, वाटेत हवेत तरंगणाऱ्या मोठमोठ्या गोल कड्यांतून आरपार जायचं, शेवटची कडी आधी पार करेल तो जिंकला. आणि हातात फक्त माउस आणि कीबोर्ड. कन्सोलचा जुना पॅड पीसीला जोडता येतो म्हणे, पण तसं करणं म्हणजे काय, हे दत्तारामाने स्वतःच सांगून टाकलं: "नवीन डिझेल इंजिन बसवायचं आणि वल्ही मारत जायचं. ते नको. माउस तर माउस."

"मग आपणास मान्य?"

"मान्य. आमची पण एक अट हाय. आमच्याकडे होड्यांच्या शर्यतीत पहिला फेरा झाला की होड्या बदलतात. तुमची होडी मी घेणार, माझी तुम्ही. म्हणजे माणूस जिंकला की होडी जिंकली, ते कळतं. आणि दुसऱ्याच्या होडीतल्या एका दोरालासुद्धा हात लावायचा नाय. जशी असेल तशी हाकायची."

या अटीमागे उदात्त असं काही नव्हतं. विनीतरावांचा पीसी महागातला असणार आणि आपला यथातथा, असा त्याचा सरळ हिशेब होता. विनीतरावांना मात्र ती प्रथा इतकी आवडली, की त्यांनी ती कुठेतरी लिहून ठेवली पाहिजे असं मत दिलं.

मारुती मंदिराकडच्या एका दुकानातून पीसी आला. दुकानदार स्वतः जोडायला आला, चांगला चष्मेवाला, संसारी माणूस. दत्तारामाने त्याच्याकडून पेटीच्या काचेतून सगळं समजून घेतलं. हा प्रोसेसर, ही मेमरी, आणि हे आडवं पडलंय ते ग्राफिक कार्ड.

"एवढं मोठं?" दत्ताराम म्हणाला. "मध्यम सुरमई आहे की ही."

"काका, सगळी ताकद हिच्यात."

"असणारच. अंगावरून दिसते."

आत दिवे होते, कुठलेही रंग लावता येणारे. दुकानदाराने विचारलं, "इंद्रधनुष्य ठेवू? सगळे तेच घेतात." दत्तारामाने त्याला डावीकडे तांबडा आणि उजवीकडे हिरवा लावायला सांगितला. रात्री समुद्रात होडीला तसेच दिवे लागतात. समोरून येणाऱ्याला आपलं तोंड कुठे आहे ते कळतं. जेवणघरात पीसीला समोरून कोण येऊन धडकणार होतं, ते दुकानदाराने विचारलं नाही. तो धंद्यात नवा नव्हता.

आता घरात नवी वस्तू आली, मग ती होडी असो, इंजिन असो की मिक्सर, पूजा झाल्याशिवाय चालू करायची नाही. गुणवंती तबक घेऊन आली. पेटीला हळदीकुंकू लागलं, हार चढला, उदबत्ती फिरली. पंखा चालू होता, त्याने उदबत्तीचा धूर पुढून ओढून घेतला आणि मागून सोडला. शेजारून बघायला आलेल्या येसूबाई म्हणाल्या, "घेतलान गो, देवाने नैवेद्य घेतलान!" मग दत्तारामाने नारळ उचलला. नव्या होडीच्या पुढच्या टोकावर नारळ वाढवतात, तसा तो पेटीच्या पुढच्या टोकावर वाढवायला निघाला, तेव्हा दुकानदाराने अक्षरशः झेप घेतली.

"काका, पाणी! आत पाणी जाईल!"

"होडीला पाण्याची भीती घालतोस?"

नारळ शेवटी दारातल्या चिऱ्यावर वाढवला. पण तेवढ्यात गुणवंतीने भक्तिभावाने मूठभर अक्षता वरून टाकल्या होत्या, आणि पेटीच्या वरची बाजू सगळी जाळी होती. पीसी एकदम बोलायला लागला. खडखड, खडखड, टर्रर्र. दत्तारामाने डोळे मिटून कान लावला, आणि तीस वर्षांच्या अनुभवाने निदान केलं, "नोझल गेलाय. डिझेलमध्ये पाणी असणार."

दुकानदाराने पेटी उघडून पंख्यातले तांदूळ वेचले, तेव्हा कुठे नोझल सुधारला.

पुढची हकिकत कन्सोलवरून पीसीवर गेलेल्या कोणालाही ठाऊक असेल. कन्सोल म्हणजे बायको आणेल तसा बाजार: आणला, शिजवला, जेवा. पीसी म्हणजे स्वतः जाऊन मासे निवडणं. गेम विकत घेतला तरी हातात काही येईना; तो म्हणे उतरतोय. तो उतरत राहिला. पाऊस वाढला की इंटरनेट बसायचं, मग उतरलेला गेम अर्ध्या जिन्यात थांबायचा. तो आल्यावर ड्रायव्हर पाहिजे असं निघालं. दत्ताराम म्हणाला, "ड्रायव्हर कशाला, मी हाय ना." मग सेटिंग नावाचं पान उघडलं, आणि त्याचा जीव हरखून गेला. सावल्या किती गडद, गवत किती दाट, पाण्यावर चमक किती, ढग किती लांबवरचे दिसायला हवेत, सगळं आपल्या हातात! कन्सोलने तीन वर्षांत त्याला एकदाही विचारलं नव्हतं, की बाबा रे, तुला गवत किती हवं? दत्तारामाने गवत पूर्ण बंद केलं, कारण त्याला गवताचा उपयोग नव्हता, आणि पाणी शेवटच्या टोकापर्यंत नेलं.

मग तो उडाला, आणि लगेच डोंगराला धडकला.

पुन्हा उडाला. डोंगर उजवीकडे होता, म्हणून डावीकडे वळायला गेला, आणि उजवीकडच्या डोंगरात घुसला. तिसऱ्यांदा कडी डावीकडे होती, तो उजवीकडे गेला. दुपारपर्यंत त्याने त्या डोंगराचा कोपरा न् कोपरा जवळून पाहिला. डोकं सांगायचं डावीकडे, विमान जायचं उजवीकडे. तीन वर्षं पॅडवर गाड्या उडवल्या, तेव्हा असलं काही झालं नव्हतं. त्याने दुकानदाराला फोन लावला.

"तुझं यंत्र उलटं बसलंय."

"काका, यंत्र उलटं बसत नाही."

"मग मी उलटा बसलोय काय?"

दुकानदार आदबशीर माणूस, त्याने पावसाची चौकशी केली.

दोन-तीन दिवस हेच चाललं. दत्तारामाचं जेवण कमी झालं. बारसं जवळ आलं आणि सानवीसुद्धा. त्याने सगळे दोष यंत्राला देऊन पाहिले, मग पावसाला, मग विनीतरावांना. एकदा गुणवंती बाळाला तेल लावून उठली, दारात उभी राहिली आणि बराच वेळ नवऱ्याकडे बघत राहिली. तो खुर्चीवर तिरका बसला होता, एक खांदा मागे, कोपर अंगाजवळ, माउस मुठीत आवळलेला, मान वळवून पडद्याकडे.

"अवो," ती म्हणाली, "तुमी इमान नाय उडवत. होडी हाकताय."

दत्तारामाने हाताकडे पाहिलं.

होडीच्या पाठीला लावलेलं इंजिन हाकायचं तर त्याचा दांडा उजवीकडे ढकलला की होडी डावीकडे वळते. दांडा डावीकडे, होडी उजवीकडे. हे तो शिकला होता ते आईकडून, अक्षरं शिकायच्या आधी. कन्सोलचा पॅड दोन अंगठ्यांनी चालवायचा. आणि अंगठ्यांनी आयुष्यात कधी होडी हाकली नव्हती, त्यामुळे ते सांगतील तसे वळले. पण माउस मुठीत आला मात्र, मुठीने ओळखलं. मूठ म्हणाली, हं, हे आपलं काम. आणि तिने जन्मभराच्या इमानाने प्रत्येक वळण उलटं घेतलं.

"हाताला समजावता येत नाय," दत्ताराम म्हणाला.

"मग त्याला समजवा," गुणवंतीने पीसीकडे बोट दाखवलं. "हाताने का बदलायचं? तो नवीन आलाय घरात. त्याने बदलायचं."

सुनांच्या बाबतीत जुन्या बायका म्हणायच्या ते वाक्य तिने पीसीला लावलं होतं, आणि ते बरोबर निघालं. सेटिंगच्या पानात खाली, अगदी खाली, एक छोटा चौकोन होता: डावं-उजवं उलट करा. दत्तारामाने त्यात टिचकी मारली.

आणि तो उडाला!

पहिली कडी. दुसरी. नदीवरून, पुलाखालून, देवळाच्या कळसावरून, दोन सुळक्यांच्या मधल्या चिंचोळ्या फटीतून. हात काही विचारत नव्हता, काही सांगत नव्हता, फक्त जात होता. पाण्यावर ऊन पडलं होतं, एकेक लाट वेगळी दिसत होती. कन्सोलवर हेच पाणी म्हणजे धुतलेली चादर वाटायची.

"गो, इकडे ये! पाणी बघ! बघ कसं चमकतंय!"

"खिडकीतून दिसतंय मला पाणी," गुणवंती म्हणाली, पण येऊन बसली. नम्रता बाळाला घेऊन आली. दत्तारामाने तिघींना घेऊन डोंगराला वळसा मारला, मग उगाच आणखी एक मारला. विमान उलटं केलं, सरळ केलं, पाण्याला चाटून वर घेतलं. आणि पंचावन्न वर्षांचा माणूस खुर्चीत बसल्या बसल्या "हुईऽऽऽ" असा ओरडला. बाळ दचकलं, रडायचं की काय ते ठरवायला थांबलं, आणि शेवटी जांभई देऊन मोकळं झालं. त्या दिवशी तो दोन वाट्या जास्त भात जेवला.

बारशाच्या दिवशी दुपारी विनीतरावांची गाडी दारात आली. पुढच्या सीटवर त्यांचा पीसी, दुलईत गुंडाळलेला, वरून सीटबेल्ट. मागच्या सीटवर मांडीवर मॉनिटर घेऊन विहीणबाई मालन.

"लग्न करून आणलं तेव्हा मला एवढं जपून नव्हतं आणलं," उतरता उतरता त्या गुणवंतीला म्हणाल्या. "देवरुखपासून हातखंब्यापर्यंत मला सारखं विचारतायत, 'तो बरा आहे ना?'"

जेवणाच्या टेबलावर दोन पीसी शेजारी शेजारी लागले. भावेशने तारा जोडल्या. रुपाली ड्युटी करून थेट आली होती, खाकीतच. तिला पंच नेमलं. तिने दोघांकडे, सुट्टे नसलेल्या प्रवाशाकडे बघतात तसं, पाहिलं.

"मधे बोलायचं नाही. उतरायचं नाही. निघूया?"

पहिला फेरा ज्याच्या त्याच्या पीसीवर. दत्तारामाने व्याह्यांना आधी जायचा आग्रह केला, व्याह्यांनी त्याला केला, यात पहिली कडी दोघांची चुकली. पण त्यानंतर मागे बघणं नव्हतं. दत्ताराम असा गेला की विनीतराव सगळा वेळ त्याची शेपटीच बघत राहिले.

"व्याहीबुवा, आपला वेग प्रशंसनीय आहे."

"आपले आशीर्वाद."

"ते मागे घेतो."

पहिला फेरा दत्तारामाने जिंकला. दुसराही जिंकला की हौसा. हरला तर तिसरा लावावा लागणार. गुणवंतीने नवऱ्याच्या पाठीवर थाप मारली, विनीतराव उठले, दत्ताराम उठला, दोघांनी खुर्च्या बदलल्या. दत्तारामाने व्याह्यांचा माउस मुठीत घेतला, आणि त्याच क्षणी त्याला तो चौकोन आठवला.

या पीसीत तो चौकोन नव्हता. म्हणजे होता, पण त्याच्यावर टिचकी नव्हती. आणि एका दोरालासुद्धा हात लावायचा नाही, ही अट कोणाची? त्याचीच.

"निघूया," रुपाली म्हणाली.

दत्ताराम निघाला आणि डोंगरात गेला. बाजूला धडाम असा दुसरा आवाज झाला. विनीतरावही डोंगरात होते, विरुद्ध बाजूच्या.

"व्याहीबुवा," विनीतराव चष्मा सावरत म्हणाले, "आपली होडी उलटी चालते का?"

"आमच्याकडे सरळच चालते. तुमची उलटी हाय."

पुन्हा निघाले. धडाम. धडाम. गेम बिचारा प्रत्येक वेळी नवीन विमान द्यायचा, आणि दोघे ते न्यायचे आणि फोडायचे. नम्रता हसून हसून खाली बसली. मालनबाई म्हणाल्या, "दोघांचा प्रवास बरा चाललाय, एकमेकांच्या विरुद्ध दिशेने एकाच ठिकाणी." पहिल्या कडीपर्यंत कोणी पोहोचेना. विनीतराव स्वतःला मोठ्याने सूचना देऊ लागले, "डावीकडे म्हणजे उजवीकडे, विनीत, उजवीकडे म्हणजे..." आणि त्या जोरावर त्यांना पहिली कडी साधली. मग दुसरी. माणूस शेवटी शिकलेला. उलटंसुद्धा पाठ करत होता.

दत्तारामाने माउस आणखी आवळला. मूठ ऐकत नव्हती. समोरच्या डोंगरावर त्याला आता 'सानवी' असं लिहिलेलं दिसायला लागलं.

छोट्या होडीच्या इंजिनाला मागे जायचा गिअर नसतो. होडी मागे घ्यायची तर इंजिनच जागच्या जागी फिरवायचं, तोंड पुढे, पाठ मागे. मग तेच इंजिन होडीला उलट नेतं. अडचणीत सापडलेला हात विचार करत बसत नाही. हाताने माउस उचलला, गर्रकन फिरवला आणि टेबलावर ठेवला. शेपटीसारखी तार आता दत्तारामाच्या पोटाकडे आली.

विमान डावीकडे जायला हवं तिथे डावीकडे गेलं.

"हरकत!" विनीतराव ओरडले. "पंच! माउस उलटा धरलाय!"

रुपाली वाकली. माउस पाहिला, सेटिंगचं पान पाहिलं, दोघांची तोंडं पाहिली. "सेटिंगला हात लावलेला नाही. माउस टेबलावरच आहे. प्रवाशाने सीटवर कुठे तोंड करून बसावं, याला नियम नाही. चला पुढे."

विनीतराव ग्रंथपाल असले तरी वेळ ओळखणारे होते. त्यांनीही आपला माउस फिरवला. आता दोघांच्या पोटाकडे तारा आणि दोघांचीही डावी बाजू जागेवर. फक्त माउस फिरला तसं वरचं खाली आणि खालचं वर झालं होतं. विनीतरावांनी कडी गाठायला विमान वर घेतलं, ते खाली गेलं. खाली घेतलं, ते ढगात. समुद्राच्या लाटेवर आल्यासारखे ते पुढे सरकू लागले, हेलकावे खात, पण मोठ्या जिद्दीने. दत्तारामाला मात्र वर-खालीचं कौतुकच नव्हतं. होडीला वर-खाली नसतं. लाट काय करेल ते करेल, आपण दिशा धरायची. त्याने विमान एका उंचीवर ठेवलं, नदीच्या पाण्याच्या थोडं वर, आणि डावं-उजवं तेवढं हाकत राहिला. तिसरी, चौथी, पाचवी. व्याही पुढे होते, मग बरोबरीला आले.

"व्याहीबुवा, आपण बाजूला व्हावे."

"आपण मोठे. आपण आधी व्हा."

"हौसा हे नाव शाळेत चिडवतील हो!"

"चिडवणाऱ्याला ती बघून घेईल!"

शेवटची कडी समोर दिसली, दोन सुळक्यांच्या मध्ये. विनीतराव तिच्यासाठी थोडे वर निघाले, म्हणजे खाली गेले, आणि नदीत शिरले. दत्ताराम सरळ गेला, उजवीकडे किंचित ढकललं, डावीकडे किंचित वळलं, आणि कडीच्या मधोमध आरपार.

टेबलाभोवती एकच कल्ला झाला. गुणवंतीने भावेशलाच मिठी मारली आणि मग लक्षात येऊन सोडली. विनीतराव पाण्याखालून वर आलेल्या माणसासारखे उठले, हेडफोन काढला आणि दोन्ही हात जोडले. "व्याहीबुवा, नदी फार सुंदर आहे. मी आतून पाहिली."

संध्याकाळी ओटीवर पाहुणे जमले. बायकांनी पाळणा म्हटला, पाळण्याखालून-वरून बाळ फिरवलं, आणि रुपाली पाळण्यात वाकली. खाकी उतरवून तिने आता शालू नेसला होता, पण आवाज डेपोतलाच होता. कानात सांगायचं नाव तिसऱ्या आळीला ऐकू गेलं.

"हौऽऽसा!"

दत्ताराम खांबाला टेकून उभा होता. गर्दीतून येसूबाई पुढे झाल्या, पाळण्यात डोकावल्या आणि कोणी न सांगता म्हणाल्या, "हौसा, हाय काय गो?" दत्तारामाने तोंड वळवलं आणि पेढ्यांचं ताट कोणाकडे आहे ते बघायला आत गेला. ताट त्याच्याच हातात होतं.

आत विनीतराव एकटे टेबलाशी उभे होते, माउस फिरवून बघत.

"व्याहीबुवा," ते म्हणाले, "पुढच्या नातवंडाच्या वेळी मैदान देवरुखचं. आणि माउस फिरवायचा नाही, हे आधीच ठरवून घेऊ."

"मान्य. पण होड्या बदलायच्या."

"बदलायच्या. वर-खालीचा मी आता सराव सुरू करणार आहे."

"किती दिवस मिळतील आपल्याला?" दत्तारामाने गंभीरपणे विचारलं.

नम्रता बाळाला घेऊन दारात उभी होती, मागे रुपाली. तिने दोघांकडे पाहिलं.

"नाव तुम्ही दोघं ठरवा," ती म्हणाली. "मूलही तुम्ही दोघांनीच आणा."

विनीतरावांनी थोडा विचार करून रुपालीकडे वळून विचारलं, "पंच, तरी साधारण अंदाजे?"

"गाडी कधी सुटायची ते डेपो ठरवतो, अण्णा," रुपालीने ताटातला एकेक पेढा दोघांच्या हातांत ठेवला. "प्रवाशांनी खिडकीशी गर्दी करू नये."